दुपारी घरी कोण असतं?

पिल्लू बघायला आलेला माणूस चपला काढता काढताच विचारतो, ‘कितीला?’ त्यात त्याचं काही चुकत नाही. वांग्यापासून वन बीएचकेपर्यंत आपण सगळीकडे हाच प्रश्न विचारत आलो आहोत. पण माझ्या आत्याच्या अंगणात हा प्रश्न आधी विचारणाऱ्याला चहा मिळतो, पोहेही मिळतात, पिल्लू मिळत नाही. तिथे पहिला प्रश्न विचारायचा मान आत्याचा, आणि तिचा प्रश्न ठरलेला: ‘दुपारी घरी कोण असतं?’

माणसं गांगरतात. पगार विचारतात, जात विचारतात, स्वतःचं घर की भाड्याचं तेही विचारतात. दुपार कुणी विचारत नाही.

‘दुपारी… आम्ही दोघंही ऑफिसला. मुलगा शाळेत.’

‘मग कुत्रं?’

‘ते घरीच.’

‘एकटं?’

‘होईल ना सवय, हळूहळू.’

‘तुम्हाला झाली असती का?’

एवढं विचारून आत्या चष्मा काढून पदराला पुसायला घेते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईने चष्मा पुसायला घेतला की समोरचा पन्नाशीचा माणूसही आपोआप हाताची घडी घालतो. एकाने मात्र घडी न घालता तोंड उघडलं होतं. ‘बाई, आम्ही कुत्रं बघायला आलोय की मुलगी?’ आत्या शांतपणे म्हणाली, ‘मुलींच्या वेळी एवढं विचारलं असतं तर पुष्कळ बरं झालं असतं.’ त्याच्या बायकोने तेवढ्यात पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की आणखी कशाला, ते कळलं नाही.

आत्या राहते जतच्या पुढे, सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाला, जिथे पाऊस पडला तर त्याची बातमी होते. आणखी थोडं गेलं की कर्नाटक. या पट्ट्यात घरंदाज कुत्रं म्हणजे लॅब्रेडॉर नव्हे आणि पॉमेरियन तर नव्हेच. ते म्हणजे कारवानी. लांब निमुळतं तोंड, लांब मान, खोल छाती आणि छातीमागे पोट इतकं आत ओढलेलं की देवाने तिथे कापड कमी पडल्याची शंका यावी. आत्याच्या हरणीच्या तीन बरगड्या लांबूनही मोजता येतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की कळवळून म्हणतो, ‘खायला घालत नाही का हिला?’ आत्याचं उत्तर तयार असतं. ‘धावणाऱ्याला पोट नसतं. ते मास्तरांना असतं.’ हरणी या चर्चेत भाग घेत नाही. परक्याने डोक्यावरून हात फिरवावा हे या जातीला मुळातच पसंत नाही. पाहुण्याने हात पुढे केला की ती उठते, चार पावलं लांब जाते आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. रागाने नाही, सरकारी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद होते, तितक्या निर्विकारपणे.

या कुत्र्यांचे पूर्वज अरबस्तान, इराण, मध्य आशियाकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर दख्खनमध्ये उतरले, असं मानतात. पुढे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरडांकडची ही शिकारी कुत्री हेरली, त्यांची पैदास नीट मार्गाला लावली आणि एक जोडी विलायतेत पंचम जॉर्जला नजर केली. तेव्हापासून मुधोळचं नाव या कुत्र्याला चिकटलं. आजही एक केनेल क्लब त्याला कॅरव्हान हाउंड म्हणतो आणि दुसरा मुधोळ हाउंड. कुत्रं दोघांकडेही सारखंच दुर्लक्ष करतं. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हा होता. ते तिकीट आत्याने चौकट करून भिंतीवर लावलंय, नेमकं काकांच्या फोटोशेजारी. काकांना कुत्री आवडत नसत. पण ते आता बोलू शकत नाहीत.

मग आला ३० ऑगस्ट २०२०चा रविवार. ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींची नावं घेतली. मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई, कोंबई. पाळायचंच तर यातलं पाळा म्हणाले. बीडच्या पोलीस दलातल्या रॉकीचीही आठवण त्यांनी काढली. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केलेल्या या कुत्र्याला पोलिसांनी मानवंदना देऊन निरोप दिला होता. रॉकीची चौकशी करायला आत्याला एकही फोन आला नाही. बाकी फोन मात्र संध्याकाळपासून सुरू झाले. ‘बाई, एखादं असेल तर ठेवा आमच्यासाठी.’ जणू दिवाळी अंकाची प्रत.

देशी कुत्र्यांचं कौतुक झालं याचा आत्याला आनंदच आहे. पण ती म्हणते, कौतुक झालं की त्या कुत्र्याच्या पाठीमागे शुक्लकाष्ठ लागलंच म्हणून समजावं. आणि यात ती एकटी शहाणी नाही. २००३च्या सुमाराला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागे मागे गावभर फिरला. जाहिरात गोडच होती. पुढची काही वर्षं आपल्या सोसायट्यांमधून पगच पग दिसायला लागले. पगचं नाक चेहऱ्यात दाबलेलं, त्यामुळे श्वास घ्यायचा म्हणजे त्याला कष्ट करावे लागतात. तो घोरतो, धापा टाकतो, मे महिन्यात जिन्यातच फतकल मारतो, आणि आपण म्हणतो, ‘अय्या, कसला क्यूट!’ बुलडॉगची कथा त्याहून वरची. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉगच्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक विणी सिझेरियनने झालेल्या आढळल्या. डोकं मोठं हवं, कंबर बारीक हवी, असं माणसांनी ठरवलं. पिल्लाने बाहेर कुठून यायचं, ते ठरवायचं राहून गेलं. नागपुरात हस्की पाळणारे लोक मी पाहिले आहेत. सैबेरियात स्लेज ओढण्यासाठी घडलेलं ते जनावर विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसभर एसीखाली पडलेलं असतं आणि मालक अभिमानाने लाइटबिल दाखवतो.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातला वॉली कॉनरन. हा गृहस्थ मेलबर्नला अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत पैदाशीचं काम बघायचा. १९८०च्या दशकात त्याला हवाईहून एका अंध बाईंचं पत्र आलं: वाटाड्या कुत्रा हवा, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. नवरा बदलायचा पर्याय बाईंनी विचारात घेतलेला दिसत नाही. वॉलीने आधी पूडल जातीचे कुत्रे शिकवून पाहिले. ते काही त्या कामाचे निघेनात. शेवटी त्याने लॅब्रेडॉर मादीला पूडल लावला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ विमानाने हवाईला गेली आणि त्यातल्या सुलतान नावाच्या एकाने नवऱ्याला शिंक येत नाही असं सिद्ध झालं. बाईंचं काम झालं.

राहिली दोन. संस्थेकडे कुत्र्यासाठी थांबलेल्या लोकांची रांग होती, पण मिश्र जातीचं कुणालाच नको. तेव्हा वॉलीने प्रसिद्धी विभागाला सांगितलं, नवी जात निघाली म्हणून कळवा, नाव लॅब्राडूडल. बस्स. कालपर्यंत जे मिसळलेलं होतं ते आज दुर्मीळ झालं आणि फोन खणखणायला लागले. नंतर जगभर कुणीही उठावं, कुठलाही पूडल कशालाही लावावा, ना सांधे तपासावेत ना डोळे, आणि पिल्लांवर मोठाल्या किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात, असं सुरू झालं. म्हातारपणी वॉलीने उघड सांगितलं की आयुष्यात आपल्याला कशाचा पश्चात्ताप असेल तर तो याचा. आपल्याकडे त्याला भस्मासुर म्हटलं असतं. फरक इतकाच की भस्मासुराला वर देणाऱ्या देवाने त्याच्या पिल्लांचे पत्ते लिहून ठेवायची वेळ आली नव्हती.

मला वाटतं, वॉलीचं दुःख कुत्रं चुकीचं निघाल्याचं नव्हतं. सुलतान तर गुणीच होता. पहिल्या तिघांचे पत्ते त्याला ठाऊक होते. पुढच्या हजारोंचे नव्हते, हे ते दुःख.

आत्याने हरणीला लावायचं ठरवलं तेव्हा घरात महिनाभर एखाद्या कार्यासारखी चर्चा चालली. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले आहेत. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादीला अठरा महिन्यांच्या आत लावायचं नाही, पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही, विक्रीच्या नोंदी ठेवायच्या. हे नियम आत्याने छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. असे काही नियम आहेत हे निम्म्या कुत्रेवाल्यांना ठाऊक नसतं. उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असतं, म्हणून ते विषय काढत नाहीत.

खरी पंचाईत झाली नराची. कुठल्याशा प्रदर्शनात नंबर काढलेला एक कुत्रा त्या भागात होता आणि गेली काही वर्षं जो तो आपली मादी त्याच्याकडेच नेत होता. परिणामी पंचक्रोशीत ज्या नराची चौकशी करावी तो हरणीचा मामा निघे, नाहीतर सावत्र भाऊ. माणसांच्या लग्नात सगोत्र म्हणून सोन्यासारखी स्थळं मोडणारे लोक कुत्र्याच्या बाबतीत मात्र छातीठोकपणे सांगतात, ‘एकाच रक्तात लावा बाई, जात चोख राहते.’ जात चोख राहते आणि रोगही चोख राहतो. दोन्ही बाजूंनी आलेला तोच दडलेला दोष पिल्लात एकत्र येऊन उभा राहतो. अखेर जिल्ह्याबाहेर एक नर सापडला, नात्यातला नसलेला. त्याच्या मालकाने रिवाजाप्रमाणे एक पिल्लू मागितलं, तेही आधी निवडायच्या हक्कासकट.

‘देईन,’ आत्या म्हणाली. ‘पण ते कुठे जाणार ते मी बघणार.’

‘अहो बाई, कुत्रा माझाय!’

‘कुत्रा तुमचा. पिल्लू त्याचं त्याचं.’

नरवाल्याने ऊसतोडीपासून जमिनीच्या वाटपापर्यंत पुष्कळ व्यवहार केले असतील, पण या मुद्द्यावर त्याला उत्तर सापडेना.

त्रेसष्टाव्या दिवशी हरणी व्यायली. सात पिल्लं. पहिले दहा-बारा दिवस त्यांना डोळे नसतात म्हटलं तरी चालेल. नुसती आंधळी वळवळ आणि दूध. खरा तमाशा पाचव्या आठवड्यापासून सुरू होतो. मी तेव्हा तिथे होतो आणि दुपारभर ओसरीवर बसून तेच बघत होतो. एका तांबूस पिल्लाने दुसऱ्याचा कान धरला आणि ओढला, जरा जास्तच जोरात. दुसरं कळवळून ओरडलं आणि खेळ टाकून भिंतीशी जाऊन बसलं. तांबूस तोंड उघडं ठेवून तसंच उभं. समोर खेळायला कुणी नाही. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एका चपलेशी खेळून पाहिलं; चप्पल ओरडत नाही, पण पळतही नाही. शेवटी ते भिंतीपाशी गेलं, पुढचे पाय पसरून शेपूट वर केली आणि त्याच कानाला पुन्हा तोंड लावलं. या वेळी इतक्या हलक्याने, की कान भिजला फक्त. खेळ पुन्हा सुरू झाला.

दात असूनही ते किती लावायचे, हे कुत्र्याला भावंडं शिकवतात. चौथ्या आठवड्यात उचलून नेलेल्या पिल्लाला तोच धडा नव्या मालकाच्या पोटरीवर गिरवावा लागतो आणि मग मालक म्हणतो, ‘कुत्रं चावरं निघालं.’ तरीही बाजारात महिन्याभराची पिल्लं सर्रास मिळतात. विकणारा सांगतो, लहान असलं की लळा लागतो. लळ्याचा संबंध नाही. तीन-चार आठवडे पिल्लू आईच्या जिवावर असतं. त्यानंतर ते ताटावर येतं, जंताचं औषध आणि पार्व्होची लस मागतं, आणि खर्च विकणाऱ्याच्या खिशातून व्हायला लागतो. नेमका तेव्हाच त्याला आपल्या लळ्याचा पुळका येतो.

आत्याने त्या आठ आठवड्यांत पिल्लांना कुकरची शिट्टी ऐकवली, मिक्सर ऐकवला, दूधवाल्याची मोटरसायकल आणि शेजारच्या पोरांचा क्रिकेटवरचा तंटा ऐकवला. तिचं म्हणणं, या वयात जे कानावर पडेल त्याची भीती पुढे वाटत नाही. हे शास्त्रालाही मान्य आहे. फक्त शास्त्र भजनी मंडळाचा उल्लेख करत नाही. आत्याच्या पिल्लांना टाळ-मृदंगाचंही काही वाटत नाही.

मग तोंडी परीक्षा सुरू झाल्या.

पुण्याचं जोडपं आलं, अकराव्या मजल्यावरचं. माणसं चांगली, वाचन दांडगं. पिल्लाला कुठलं खाद्य द्यायचं याची त्यांनी टिपणं काढून आणली होती. आत्याने त्यांना रस्त्यावर नेलं आणि हरणीला माळावर सोडलं. लांब कुठेतरी कागदाचा कपटा उडाला असेल. हरणी होती तिथून नाहीशी झाली आणि माळाच्या टोकाला एक ठिपका दिसायला लागला. ‘हे वास घेत जात नाही, नजरेने जातं,’ आत्या म्हणाली. ‘दिसलं की गेलं. तुमच्याकडे दोरी हातातून सुटली तर समोर काय आहे?’ समोर बाह्यवळण महामार्ग होता. आत्याने त्यांना सल्ला दिला, तुमच्या बिल्डिंगखाली जी कुत्री व्यायली असेल तिच्यातलं एक घ्या. तिच्या लेकराला महामार्ग तुमच्यापेक्षा जास्त कळतो. जोडपं रागावून गेलं. साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवून आल्यावर गल्लीतलं कुत्रं घ्या असं ऐकवलं तर कुणीही रागावेल.

एकजण पांढऱ्या गाडीतून उतरला आणि वाकून पायाच पडला. ‘बाई, ओळखलं का?’

‘ओळखलं की. सातवी ब. विज्ञानाच्या तासाला कासव आणलं होतंस आणि दिवाळीच्या सुट्टीत वर्गातच विसरून गेलास.’

तो आता मोठा कंत्राटदार आहे. फार्महाऊसच्या राखणीला कुत्रं हवं होतं. ‘तिथे राहतं कोण?’ ‘कुणीच नाही बाई, म्हणून तर राखणीला.’ आत्या काही बोलली नाही. तोच थोड्या वेळाने म्हणाला, ‘कासव जगलं होतं, बाई.’ ‘शिपायामुळे,’ आत्या म्हणाली.

आणखी एक आला तो पिल्लाच्या मांड्या चाचपत. ‘सशामागं सुटंल न्हवं?’ सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे आत्याने त्याला कलमासकट ऐकवलं. तो गेल्यावर मात्र ती जरा वेळ गप्प होती. पिढ्यान् पिढ्या ज्या कामासाठी हे जनावर घडलं ते काम आता बेकायदा, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ते पाय? पायांना कायदा कोण सांगणार? म्हणून तिच्या यादीत दुसरा प्रश्न असतो धावायच्या जागेचा. तिसरा, जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचा. अंगावर चरबी नसलेल्या या कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते, हे प्रत्येक नव्या मालकाने आपल्या डॉक्टरांना सांगायचं, अशी तिची ताकीद. काही डॉक्टरांना ते आवडलं नाही.

आणि एक म्हातारी आली, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, वाडीवरून. आल्या आल्या तिने हरणीची पाण्याची पाटी रिकामी पाहिली, कुणाला न विचारता रांजणातून भरली आणि मग बसली. आत्याने आपला नेहमीचा प्रश्न टाकला.

‘म्या असती की,’ म्हातारी म्हणाली. ‘मी कुठं जाती? गुडघं गेल्यात.’

आत्याने पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. पैशांचं शेवटी मुलाने विचारलं, तेही संकोचत.

मला या मुलाखती पाहताना सरमा आठवायची. महाभारताच्या शेवटाकडे युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या सुरुवातीलाही एक कुत्रं आहे, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. राजा जनमेजय कुरुक्षेत्रावर यज्ञसत्र करत होता, तिथे सरमेचं पोर गेलं. राजाच्या तिघा भावांनी त्याला मारून हाकललं. पोर रडत आईकडे गेलं. सरमेने विचारलं, तू काही केलंस का? ते म्हणालं, मी हविष्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. तेव्हा ती देवांची कुत्री उठली आणि थेट राजाच्या यज्ञमंडपात जाऊन उभी राहिली: माझ्या पोराला का मारलंत? कुणी उत्तर दिलं नाही. तिने शाप दिला की ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल. एवढा मोठा राजा, पण घाबरला आणि तो शाप निवारेल असा पुरोहित शोधायला लागला.

बाजारातल्या पिंजऱ्यातलं पिल्लू विकलं जातं तेव्हा त्याची सरमा कुठे असते? एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, पुढच्या वेताला. घेणारा तिला बघायला मागत नाही. मोबाइलवर फोटो दाखवतात, तोही कुणाचा कोण जाणे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२०पासून कायदाच आहे की सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही. घ्यायचं तर पैदास करणाऱ्याकडून किंवा आसरा देणाऱ्या संस्थेकडून. पैदास करणाऱ्याकडे आई समोर दाखवावी लागते. लोक त्याला लुसीचा कायदा म्हणतात. लुसी ही वेल्समधल्या अशाच एका कारखान्यातून सुटलेली स्पॅनियल. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वेतामागून वेत काढून तिचे खुब्याचे सांधे आखडले होते. तिने शाप दिला नाही. माणसांनी तिच्या वतीने कायदा केला, हे एक बरं झालं.

आत्याच्या व्यवहारात आईचं काम आत्या करते. तिच्याकडे शाळेची जुनी फी-वही आहे, लाल कापडी पाठीची. प्रत्येक पिल्लाला एक पान: नाव, गाव, लसी, वजन, घरातली माणसं आणि ‘शेरा’. घेणाऱ्याकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलेलं असतं की काही कारणाने ठेवणं जमलं नाही तर कुत्रं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, सोडायचं तर मुळीच नाही; बाईंकडे परत. रविवारी सकाळी फोन. व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर तिचा विश्वास नाही. ‘फोटोत कुत्रं दिसतं, साखळी किती लांब आहे ते दिसत नाही.’ म्हणून व्हिडिओ, आणि व्हिडिओत आधी अंगण फिरवून दाखवायचं. एका मालकाने त्रासून फोन उचलणं बंद केलं, तर आत्या एसटीने त्याच्या दारात. तो तिला पाहून खोलीत पळाला, कुत्रं मात्र उड्या मारत आलं. तिच्या दृष्टीने तपासणी तेवढ्यात आटोपली.

या उद्योगात पैसे मिळतात का? मी एकदा हिशेब मांडायला बसलो. लसी, मायक्रोचिप, खुराक, नराकडे जायची गाडी, एसटी, फोन. आत्याने वही काढून घेतली. ‘राहू दे. यात फायदा दिसला तर मलाच संशय येईल.’

वर्षभराने एक पिल्लू परत आलं. आता ते पिल्लू कसलं, कमरेएवढं झालेलं. मालकाची बदली झाली होती, नव्या गावी घरमालक कुत्रं ठेवू देईना. बिचारा खाली मान घालून, स्टँपपेपरची घडी खिशात घेऊन आला होता. मला वाटलं, आता हजेरी. आत्याने त्याला जेवायला वाढलं. वहीत शेरा लिहिला, ‘उत्तीर्ण’. मी विचारलं, परत केलं तरी उत्तीर्ण कसं? ‘अरे, शंभर किलोमीटर आणून दिलं त्याने. धाब्यापाशी उतरवून निघून जायला काय लागतं? जातातच की लोक.’ तो माणूस जाताना कुत्र्याला मिठी मारून रडला. कुत्रं मात्र हरणीला पाहून एवढं हरखलं होतं की त्याने वळूनही पाहिलं नाही. हेही बरंच झालं म्हणायचं.

यंदा आत्याने हरणीची नसबंदी करून टाकली. ही बातमी नरवाल्याच्या कानावर गेली, तसा तो तडक आला. ‘बाई, सोन्याची खाण बंद केलीत! अजून तीन वेतं सहज निघाली असती.’

‘निघाली असती. प्रत्येकी सात. एकवीस घरं बघून देता का?’

तो पायरीवर बसला, बोटं मोडत. मग लाल पाठीची वही त्याच्या हाताशी होती ती त्याने सहज उघडली. त्याच्या वाट्याचं पिल्लू त्याने मेहुण्याकडे दिलं होतं, अर्थात आत्याने घर पाहिल्यावरच. त्या पानावर गेल्या रविवारचा रकाना रिकामा होता.

‘हे का लिहिलं न्हाई?’

‘उचलला नाही त्यांनी फोन.’

‘उचलला न्हाई?’ नरवाल्याने मोबाइल काढला, नंबर लावला आणि पलीकडून मेहुणा ‘बोला दाजी’ म्हणायच्या आत गरजला, ‘कुत्र्याचं हगणं-मुतणं बरोबर हाय का? आन् बाईंचा फोन का उचलत न्हाईस? थांब, अंगण दाखव आधी!’